‘लाभार्थी’ हा शब्द खोडा, पण फॉर्म भरा

सप्रेम नमस्कार.

माझं वय 74. एका छापखान्यात 34 वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलं. यजमान जाऊन तीन वर्षं होतील. मुलगी परदेशात, मुलगा दुसऱ्या शहरात. दोघंही चांगली आहेत, दोन-तीन दिवसांआड फोन करतात. ‘आमच्याकडे येऊन राहा’ म्हणतात, पण मला माझं घर सोडायचं नाही. माझं सगळं मी करते. आजवर कुणापुढे हात पसरलेला नाही.

तरी एक गोष्ट लिहिते. मागच्या सोमवारी सकाळी फोन वाजला. उचलून ‘हॅलो’ म्हणायला गेले, तर घशातून आवाजच फुटेना. खाकरून पुन्हा म्हटलं. मग लक्षात आलं की शुक्रवार दुपारपासून मी कुणाशी एक शब्दही बोलले नव्हते. फोन राँग नंबर निघाला. कुणी तरुण मुलगा होता. नंबर कुठला हवा, कुणी दिला, नीट लिहून घेतला होता का, असं काहीबाही विचारत मी त्याला दोन-तीन मिनिटं अडकवून ठेवलं. फोन ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली.

शेजारणीने एका संस्थेचा फॉर्म आणून दिलाय. त्यांचे स्वयंसेवक आठवड्यातून एकदा घरी येतात, बसतात, बोलतात, बाहेर जायचं असेल तर सोबत करतात, म्हणे. फॉर्मचा पहिलाच रकाना ‘लाभार्थीचे नाव’. आठ दिवस तो टेबलावर पडून आहे. तिथे माझं नाव लिहायला हात होत नाही. त्यातून गेल्या वर्षी दुसऱ्याच एका संस्थेची माणसं आमच्या इमारतीत आली होती. ज्येष्ठांना भेटवस्तू दिल्या, प्रत्येकाबरोबर फोटो काढला. तो फोटो फिरत फिरत परदेशात माझ्या मुलीच्या फोनवर पोचला. खाली लिहिलं होतं, ‘निराधार वृद्धांना मायेचा आधार’. मी निराधार?

अलीकडे वाचनही पूर्वीसारखं होत नाही. ओळी मधेच वाकल्यासारख्या दिसतात, डोळे थकत असतील. वाचन होत होतं तोवर एकटेपणा असा अंगावर येत नव्हता.

मला सांगा, इतकी वर्षं स्वतःच्या पायावर उभं राहून आता कुणाच्या दयेवर दिवस काढायचे का?

– एक जुनी मुद्रितशोधक


नमस्कार ताई,

तुमच्या प्रश्नाकडे येतेच, पण त्याआधी दुसरं. तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय आणि मी तिथेच थांबले. ‘ओळी मधेच वाकल्यासारख्या दिसतात.’ डोळे थकले की अक्षरं पुसट होतात, पाणी येतं, जवळचं धूसर होतं. सरळ ओळ वाकडी दिसणं ही वेगळी गोष्ट आहे. डोळ्याच्या पडद्याचा जो मधला भाग आपल्याला बारीक वाचायला लागतो, त्यात बिघाड झाला की असं दिसू शकतं. उतारवयात होणाऱ्या अशा आजाराला मॅक्युलर डीजनरेशन म्हणतात. त्याचा एक प्रकार सावकाश वाढतो. दुसऱ्यात पडद्याखाली नको तिथे रक्तवाहिन्या वाढतात, त्यांतून पाणी आणि रक्त झिरपतं, आणि मधली नजर थोड्याच दिवसांत जाऊ शकते. या दुसऱ्या प्रकारावर डोळ्यात इंजेक्शन देऊन उपचार होतात, मात्र ते वेळेत सुरू व्हावे लागतात. तुमच्या बाबतीत कारण अगदी साधंही निघेल. ते डॉक्टरांनी ठरवायचं. तुम्ही आज एवढंच करा: वाचायचा चष्मा लावा, एक डोळा तळहाताने झाका आणि चौकोनी रेघांच्या वहीकडे बघा. मग दुसरा डोळा झाकून बघा. कुठल्या डोळ्याला रेघ वाकडी दिसते, मधे कुठे डाग किंवा पोकळी दिसते का, ते लिहून ठेवा आणि याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांना दाखवा. पुढच्या महिन्यावर टाकू नका. रेघा अचानक जास्त वाकल्या किंवा नजर एकदम कमी झाली, तर त्याच दिवशी जा. 34 वर्षं ओळींवरून नजर फिरवलेली बाई ‘ओळ वाकडी आहे’ म्हणते, तेव्हा मी ते डोळ्यांच्या थकव्यावर सोडून देणार नाही.

आणि इथेच त्या संस्थेची पहिली गरज लागते. पडदा तपासायचा तर बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. पुढचे काही तास समोरचं अंधुक दिसतं, उजेडाने डोळे दिपतात. अशा वेळी एकटीने रस्ता ओलांडायचा नसतो, मग वय 34 असो की 74. सोबत माणूस आणा असं सगळ्याच रुग्णांना सांगतात. मुलाने त्यासाठी रजा काढून यावं असं तुम्हाला वाटणार नाही, आणि ‘आपलं आपण जमवू’ म्हणून तुम्ही एकट्याच निघाल, ही मला खरी भीती आहे. संस्था ‘बाहेर जायचं असेल तर सोबत’ करते ना? मग पहिलं काम हेच सांगा.

आता त्या फोटोबद्दल. तुमचा राग रास्त आहे, तो गिळू नका. न विचारता फोटो काढणं, तो पसरवणं आणि खाली ‘निराधार’ असं लिहिणं, यातली एकही गोष्ट त्यांनी करायला नको होती. भेटवस्तू घेतली म्हणून चेहरा त्यांचा होत नाही. ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या सगळ्या संस्था अशा नसतात, हेही तितकंच खरं. 1946 मध्ये पॅरिसमध्ये आर्माँ मार्किझे यांनी गरीब, एकट्या वृद्धांसाठी एक संस्था सुरू केली. युद्ध नुकतंच संपलं होतं, माणसांना पोटाची भ्रांत होती. तरी त्या संस्थेचं ब्रीद होतं, ‘भाकरीआधी फुलं’. भाकरी तर ते द्यायचेच. पण ज्याच्या घरी जायचं त्याच्याकडे पाहुण्यासारखं जायचं, हा त्यामागचा विचार. आज ही संस्था अनेक देशांत काम करते. तुमच्या टेबलावरचा फॉर्म ज्यांचा आहे ते यातले आहेत की फोटोवाल्यांतले, हे तुम्हाला पहिल्या दोन-तीन भेटींत कळेल. कसं, ते पुढे सांगते.

राँग नंबरवाल्या मुलाला बोलण्यात गुंतवलंत म्हणून लाज वाटून घेऊ नका. त्याचं काही बिघडलं नाही, कदाचित बरंही वाटलं असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून 2025 मध्ये सामाजिक नात्यांवरचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा छळतो, आणि तरुणांमध्ये हे प्रमाण ज्येष्ठांपेक्षाही जास्त आहे. वर्षाला सुमारे 8 लाख 71 हजार मृत्यूंशी एकटेपणाचा संबंध असल्याचा अंदाज त्यात दिलाय. हा आकडा तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तुम्ही ज्याला स्वतःचा दुबळेपणा समजताय, त्याकडे आरोग्याचं शास्त्र रक्तदाबाइतक्याच गांभीर्याने बघतं, म्हणून सांगते.

ही लाज भल्याभल्यांना वाटलेली आहे. ब्रिटनमध्ये एस्थर रँट्झन या टीव्हीवरच्या नावाजलेल्या निवेदिका. 1986 मध्ये त्यांनी संकटातल्या मुलांसाठी चाइल्डलाइन ही फोनसेवा सुरू केली. पुढे पती गेले, मुलं आपापल्या वाटेने गेली, आणि घराघरांत ओळखीच्या असलेल्या या बाईंना रिकामं घर खायला उठू लागलं. 2011 मध्ये त्यांनी वर्तमानपत्रात ते उघडपणे लिहिलं. वाचणाऱ्या कितीतरी जणांनी त्यांना कळवलं, आमचंही असंच आहे, फक्त बोलायची हिंमत होत नाही. त्यातूनच 2013 मध्ये ज्येष्ठांसाठी रात्रंदिवस चालणारी मोफत फोनसेवा उभी राहिली, ‘सिल्व्हर लाइन’. आपल्या एकटेपणाबद्दल लिहिण्याचं जे धैर्य त्यांनी दाखवलं, ते तुम्हीही मला पत्र लिहून दाखवलंच आहे.

एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट सांगते, म्हणजे नंतर अपेक्षाभंग नको. रॉबर्ट वाइस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे मांडले. एक, जिवाभावाचं माणूस नसण्याचा. दुसरा, ओळखीपाळखीचा, उठबशीचा गोतावळा नसण्याचा. पहिल्यावर दुसऱ्याचं औषध चालत नाही. यजमानांची जागा कुठलाही स्वयंसेवक भरून काढणार नाही, आणि तसं आश्वासन कुणी देत असेल तर त्याच्यापासून जरा लांबच राहा. पण शुक्रवार ते सोमवार घशातून आवाज न निघणं हा बराचसा दुसरा प्रकार आहे, आणि तिथे अशा संस्थांचा खरोखर उपयोग होतो.

तो किती होतो, याचा एक नमुना सांगते. 2021 मध्ये टेक्सासमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. घरपोच जेवणाची सेवा घेणारे, बहुतांशी घरातच असणारे 240 जण त्यात होते. त्यांतल्या निम्म्यांना 17 ते 23 वर्षांच्या तरुणांनी चार आठवडे फोन केले. पहिले पाच दिवस रोज, आणि नंतर ज्याला जितके दिवस हवेत तितके, आठवड्यातून निदान दोनदा. ही मुलं समुपदेशक नव्हती. समोरच्याला ज्या विषयावर बोलायचं असेल त्यावर बोलू द्यायचं आणि मनापासून ऐकायचं, एवढं त्यांना शिकवलेलं होतं. चार आठवड्यांनी, ज्यांना फोन गेले नव्हते त्यांच्या तुलनेत यांचा एकटेपणा, उदासी आणि चिंता कमी झालेली दिसली. फोन किती दिवस हवा, विषय कुठला, हे ज्याचं त्याने ठरवलं, हा भाग मला त्यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न. स्वतःच्या पायावर उभं राहणं, आणि कुणाची दया. तुम्ही या दोन गोष्टी समोरासमोर उभ्या केल्यात. माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते मी तुमच्याच कामातून सांगते.

छापखान्यात तुम्ही एकट्याच तपासत होतात का? मुद्रितशोधनाची जुनी पद्धत मला ठाऊक आहे ती अशी: एकजण मूळ प्रत हातात धरून मोठ्याने वाचणार, स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरणचिन्हं सगळं उच्चारून, आणि दुसऱ्याची नजर प्रुफावर, म्हणजे तपासणीसाठी छापलेल्या कच्च्या प्रतीवर. याचं कारण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. ऱ्हस्व-दीर्घ एकटीला पकडता येतं. उलटा बसलेला खिळाही, म्हणजे छपाईचं धातूचं अक्षर, पकडता येतो. पण अख्खी ओळ गळली आणि मागचं-पुढचं वाक्य नेमकं जुळून गेलं, तर कितीही पक्की शोधक असो, निव्वळ प्रुफ बघून तिला ते कळणार नाही. गळलेली ओळ प्रुफात नसतेच. ती दुसऱ्याच्या हातातल्या प्रतीत असते. इतकी वर्षं समोर बसून कुणी तुम्हाला वाचून दाखवलं, त्याला तुम्ही कधी दया म्हणालात का? आणि त्याच्यामुळे तुमचं काम कमी तुमचं झालं का?

शुक्रवार ते सोमवार ही तशीच गळलेली ओळ होती, ताई. तुमच्या एकटीच्या लक्षात ती आली नव्हती. फोनवरच्या एका अनोळखी मुलामुळे ती सापडली.

संयुक्त राष्ट्रांनी 1991 मध्ये ज्येष्ठांसाठी 18 तत्त्वं मंजूर केली. ती पाच शीर्षकांखाली मांडलेली आहेत आणि पहिलंच शीर्षक आहे स्वावलंबन. त्याखाली काय आहे बघा: उत्पन्नातून, कुटुंबाच्या आणि समाजाच्या आधारातून आणि स्वतःच्या प्रयत्नांतून गरजा भागाव्यात, जितका काळ शक्य आहे तितका स्वतःच्या घरी राहता यावं. समाजाचा आधार ‘स्वावलंबन’ या शीर्षकाखाली आहे. दयाधर्म असं वेगळं शीर्षकच नाही. तुम्ही शीर्षकं आणि मजकूर जुळतात का हे बघणाऱ्या, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मला विचाराल तर, काय करायचं आणि कसं करायचं हे आपण ठरवणं म्हणजे स्वतंत्र राहणं. हात दुसऱ्याचे लागले तरी चालतात. म्हणून संस्थेला बोलावण्याआधी एका कागदावर आपल्या दिवसाचा हिशोब मांडा. लॉटन आणि ब्रॉडी या दोन अमेरिकन संशोधकांनी 1969 मध्ये एकट्याने राहायला लागणारी आठ कामं नोंदवली: फोन वापरणं, खरेदी, स्वयंपाक, घराची निगा, कपडे धुणं, प्रवास, औषधं वेळच्या वेळी घेणं आणि पैशांचे व्यवहार. आजही दवाखान्यांतून ही यादी वापरतात. तिच्यासमोर प्रामाणिकपणे खुणा करा. ‘माझं सगळं मी करते’ हे वाक्य बाजूला ठेवा. त्यातली सहा कामं तुम्ही उत्तम करत असाल. पण औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं हल्ली वाचता येतात, की रंगावरून ओळखून घेता? वीजबिलावरचा आकडा दिसतो का? जिथे अडतं तिथेच मदत मागा, बाकीच्या कामांना कुणाला हात लावू देऊ नका. सगळंच करून देणारी मदत माणसाला लवकर लुळं करते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्यात माझाही हात होता. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका संस्थेतर्फे एका आजोबांकडे दर आठवड्याला जात असे. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. नजर बरीच कमी झालेली. त्यांच्या टेबलावर पसारा असायचा: चिमटे, भिंग, गोळ्यांची डबी, बारीक स्क्रूंची झाकणं. एकदा ते आतल्या खोलीत होते, तर मी उत्साहाने टेबल आवरलं. धूळ पुसली, सारख्या वस्तू सारख्यांजवळ लावल्या, गोळ्यांची डबी ‘सुरक्षित’ म्हणून खणात ठेवली. मनात म्हटलं, किती छान दिसतंय. पुढच्या आठवड्यात दार साखळीपुरतंच उघडलं. पसारा म्हणजे त्यांचा नकाशा होता. कडेपासून चार बोटांवर डबी, तिच्या उजवीकडे भिंग. दोन दिवस ते स्वतःच्याच टेबलावर चाचपडत होते आणि तोवर गोळी चुकली होती. रागावून बोलले नाहीत, एवढंच म्हणाले, ‘विचारायचंत तरी.’ मी माफी मागितली. मग त्यांनी माझा हात धरून एकेका वस्तूची जागा मला दाखवली, आणि पुढे कितीतरी महिने मी त्या टेबलाला हात लावायच्या आधी विचारत असे. तुमच्याकडे जी कुणी येईल तीही अशी चूक करू शकते. पहिल्याच दिवशी तिला सांगा: कुठली गोष्ट हलवायची नाही, कुठल्या खोलीत जायचं नाही, कुठला विषय काढायचा नाही.

फॉर्म देताना संस्थेच्या समन्वयकांना नीट प्रश्न विचारा. कोण येणार, त्यांची ओळख आणि पार्श्वभूमी तपासली आहे का? दर वेळी तीच व्यक्ती येणार की बदलणार? ठरलेल्या दिवशी यायला जमलं नाही तर आधी कळवणार का? पटलं नाही तर कुणाला सांगायचं? चांगली संस्था या प्रश्नांनी दुखावत नाही, उत्तरं तयार ठेवते. जी कपाळाला आठी घालते ती नको. पहिल्या भेटीला समन्वयकांना बरोबर यायला सांगा, शेजारणीलाही बसवा. ओळखपत्र बघा. एटीएम कार्ड, पिन, फोनवर येणारा ओटीपी, कोऱ्या कागदावर सही, यातलं काहीही कुणालाही द्यायचं नाही, कितीही गोड माणूस असलं तरी. आणि फोटो नाही, हे तोंडी नको, लेखी द्या.

तीन भेटी होऊ द्या, मग ठरवा. पहिल्या भेटीत दोन्ही बाजू अवघडलेल्या असतात, त्यावरून मत बनवू नका. नुसतं समोरासमोर बसून ‘कशा आहात’ विचारणाऱ्या भेटी लवकर कंटाळवाण्या होतात. तासाला काहीतरी काम जोडा. तुमच्यासाठी ते उघड आहे: वाचून घ्या. वर्तमानपत्र असो, जुनी पत्रं असोत. जी येईल ती वाचेल, तुम्ही ऐकाल आणि उच्चार सुधाराल. सुधाराल याची मला खात्री आहे, आणि आजच्या मुलांना त्याची गरजही आहे.

एका गोष्टीकडे संस्थाही पुरेसं लक्ष देत नाहीत असं माझं मत आहे. स्वयंसेवक कधीतरी थांबतात. परीक्षा येते, नोकरी बदलते, लग्न होतं. ज्या घरात आधीच एक जाणं झालंय, तिथे हे दुसरं जाणं मुकाट्याने सोसावं लागतं. म्हणून सुरुवातीलाच विचारा, ‘तुम्ही साधारण किती महिने येऊ शकाल?’ उत्तर सहा महिने असेल तर सहा महिनेच धरून चला. थांबायच्या आधी निरोपाची एक भेट हवी आणि पुढच्या व्यक्तीची ओळख करून द्यायला हवी, हे समन्वयकांकडून कबूल करून घ्या. तुम्ही मागितलंत तर तुमच्यानंतरच्यांनाही ते मिळेल.

घरासाठीही त्यांच्याकडून दोन कामं करून घेता आली तर बघा: न्हाणीघरात भिंतीला पक्का धरदांडा आणि रात्री उठल्यावर पाय ठेवाल त्या वाटेवर मंद दिवा. नजर अधू असताना पडण्याचा धोका वाढतो, आणि एका पडण्याने स्वतःचं घर सुटलेली माणसं मला माहीत आहेत. ज्येष्ठांसाठी तोल सांभाळण्याचे व्यायाम घेणारा गट जवळपास असेल तर त्यात जा. 2019 मध्ये ज्येष्ठांच्या व्यायामाच्या 108 प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी घटलेलं दिसलं. शिवाय तिथे सोबत आहेच.

आणि तुम्हीही द्या. हे तुमचा मान राखायला म्हणून सुचवत नाही. 1976 मध्ये एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कनेटिकटमधल्या एका वृद्धाश्रमात एक साधा प्रयोग केला. एका मजल्यावरच्यांना सांगितलं, तुमच्या खोलीचं, वेळेचं तुम्ही ठरवा. आणि एक रोप दिलं, ज्याची काळजी त्यांनीच घ्यायची. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोपं दिली, पण पाणी कर्मचारी घालणार, आणि बाकीची काळजीही कर्मचारीच घेणार. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत, जास्त मिसळणारी झालेली दिसली. प्रयोग लहानच होता, पण मी ज्या ज्या घरी गेले तिथे मला हेच दिसलं: ज्याच्यावर कुणीतरी किंवा काहीतरी अवलंबून आहे तो माणूस सकाळी वेगळ्या तऱ्हेने उठतो. अशा संस्थांना फोनवरून बोलणारी माणसं नेहमीच कमी पडतात. तुमच्यासारखीच एखादी बाई कुठेतरी शुक्रवार ते सोमवार गप्प बसलेली असेल. आठवड्यातून दोनदा तिला फोन करायला डोळे लागत नाहीत.

मुलांना काय सांगायचं, ते तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहिते. दर फोनवर ‘मी बरी आहे’ म्हणत असाल, तर त्यांच्या हातातलं प्रुफ शुद्धच दिसणार. ओळी वाकतात हे मुलाला आजच सांगा. आवाज फुटला नव्हता हेही सांगा. ती पुन्हा ‘आमच्याकडे ये’ म्हणतील, तेव्हा ‘घर सोडायचं नाही म्हणूनच ही सोय करतेय’ असं उत्तर द्या. मुलीला एखादं काम द्या: फोनवरून दहा मिनिटं काहीतरी वाचून दाखवायचं. लांब असलेल्या मुलांना काय करावं ते कळत नाही म्हणून ती नुसतं ‘कशी आहेस’ विचारत राहतात. एक शेवटचं: दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप उडाली, भूक गेली, कशातच मन लागेनासं झालं किंवा जगणं नको वाटू लागलं, तर स्वयंसेवकाची वाट बघू नका, डॉक्टरांना सांगा. ती उदासी वेगळी असते आणि तिच्यावर उपचार आहेत.

राहिला फॉर्म. ‘लाभार्थी’ हा शब्द मलाही आवडत नाही. तुमच्या हातात लाल पेन आहे, शब्द काढण्याची खूण तुम्हाला कुणी शिकवायला नको. तो खोडा, समासात ‘सदस्य’ असं लिहा आणि पुढे आपलं नाव घाला. खालच्या मोकळ्या जागेत तुमच्या अटी लिहा: वार, वेळ, फोटो नाही. मग संस्थेला फोन करा आणि पहिलं काम डोळ्यांच्या तपासणीचं सांगा. घरातून न्यायचं, तपासणी होईपर्यंत थांबायचं, परत आतपर्यंत आणून सोडायचं.

डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा. थेंबांमुळे लगेच लिहिता आलं नाही, तर सोबत आलेल्या व्यक्तीला समोर बसवून पत्र सांगा, स्वल्पविरामांसकट.